दुसरं गाठोडं कुणाचं?

सोनीबाईनं गाठोडं परत दिलं, तेही हसत हसत, आणि तिथेच राजुलच्या मनात पाल चुकचुकली.

आता गाठोडं म्हणजे साधंसुधं नव्हे बरं का! कामरगावच्या भगिनी मंडळाचं बाळंतगाठोडं होतं ते. जुन्या मऊ लुगड्यांची उकळून, उन्हात कडक वाळवलेली फडकी, नाळ बांधायला सुताचा दोरा, कागदात गुंडाळलेलं कोरं पातं आणि साबणाची वडी. गावात किंवा तांड्यावर कुणाचे दिवस भरत आले की मंडळाच्या बायका हे गाठोडं तिच्या घरी पोचवत. आठ वर्षांपूर्वी एकाच पावसाळ्यात गावातली चार बाळं धनुर्वातानं गेली होती. नाळ कापली होती गवत कापायच्या विळ्यानं. त्या चारांतला एक राजुलचा भाऊ होता, सात दिवसांचा. त्याचं बारसंसुद्धा झालं नव्हतं. त्यानंतर राजुलच्या आत्यानं, प्रेमाबाईनं, कारंज्याच्या दवाखान्यातल्या नर्सबाईकडे आठ दिवस बसून हे सगळं शिकून घेतलं आणि गावात मंडळ काढलं.

आणि आज सोनीबाई म्हणत होती, "आमाले भेटलं न गाठोडं. आठ दिस झाले. दोन घेऊन काय करू बाई? पोट्टं तं एकच होईन!"

मागे दारात तिची सून हेमला पोटावर हात ठेवून उभी होती. तीही फिदीफिदी हसली.

"कोणी देलं?" राजुलनं विचारलं.

"तुमच्याच मंडळानं."

"आमच्या? अवो, मंडळाची चिटणीस मी आहो! मले न सांगता मंडळ कसं काय देईन?"

"मंग घरी जाऊन तुमच्या त्या चिटणिसाले इचारा," सोनीबाई शांतपणे म्हणाली. चिटणीस म्हणजे कुणी मोठी बाई असणार, ही समोरची दोन वेण्यांची पोरगी नव्हे, असं तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

"नाव सांगा न त्यायचं."

"नावं कायले इचारू? दोघी आल्या. आंधी हात धुतले, मंग गाठोडं देलं, मंग गेल्या."

राजुलनं फारच धोशा लावला तेव्हा सोनीबाईनं ते दुसरं गाठोडं आणून हातात न देताच दाखवलं. वेळ आल्याबिगर उघडायचं नाही म्हणून त्या दोघींनी बजावलं होतं म्हणे. पांढरंशुभ्र. मंडळाचं गाठोडं नुसतं गाठ मारून बांधत, हे चारी बाजूंनी टाके घालून शिवलेलं होतं. एका कोपऱ्यातून जराशी रुई बाहेर आली होती. राजुलनं हळूच चिमटीत घेऊन पाहिली. कचरा नाही, काडी नाही, जशी दुधावरची साय!

तांड्याबाहेर लिंबाखाली आत्या गुडघे चोळत बसली होती. परतीच्या वाटेवर राजुल तिला एवढंच म्हणाली, "आत्या, आपल्या मंडळाच्या मागं कोनीतरी दुसरं मंडळ काढलं आहे."

आत्या नुसती खाली पाहून चालत राहिली. तेव्हा राजुलला वाटलं, गुडघे दुखत असतील.

*

राजुल पंधरा वर्षांची होती आणि गावच्या शाळेत सातवीला बसणारी एकटीच मुलगी होती. पौषात आत्यानं तिला मंडळाची चिटणीस केलं, त्या दिवसापासून तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. पहिल्याच दिवशी तिनं निळ्या पुठ्ठ्याचं हजेरीबुक शिवलं. दुसऱ्या दिवशी नियम केला की सलग तीन बुधवार गैरहजर राहील तिच्या नावावर लाल शाईनं काट. आणि तिसऱ्या दिवशी तिला ती नामी युक्ती सुचली.

आजवर मंडळाचा बुधवार कसा भरायचा? तर एक बाई आपल्या घरून निघायची, शेजारणीच्या दारात थांबून "चाल व" म्हणायची, ती तिसरीला हाक मारायची, आणि अशी माळ गुंफत सगळ्या खोलीवर यायच्या. राजुलला हे अगदीच गावठी वाटलं. संक्रांत तोंडावर आली होती. तिनं चांदीचा करंडा काढला, अंगुरीकाकूला सोबत घेतलं आणि घरोघरी हळदकुंकू लावून बुधवारचं आवतण दिलं. त्या बुधवारी तिळगूळ, वाण आणि उखाणे! एकतीस बायका! खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. राजुल त्या दिवशी घरापर्यंत नाचत गेली. तेव्हापासून दर बुधवारी करंडा फिरू लागला.

पण वाण संपलं तशा नव्या सुना गळाल्या. कुणाची सासू नको म्हणाली, कुणाचं पोर रडलं. एकतिसाच्या सतरा झाल्या, सतराच्या सात. आणि त्या सातजणींतही फडकी उकळायला पदर खोचून उठणारी कुणी नव्हती. पूर्वी ज्या मरमर मरायच्या त्या, म्हणजे कमलीमावशी, वहाब पिंजाऱ्याची बायको मेहरुन्निसाचाची, आणखी सहासातजणी, त्यांच्या नावांवर तर फाल्गुनातच लाल काट बसली होती.

त्यात खोलीचं लचांड. मंडळाची खोली फूलचंदशेटच्या गोदामाला लागून होती. फूलचंदशेट म्हणजे अंगुरीकाकूचा नवरा, कापसाचा व्यापारी. माणूस वाईट नव्हता, पण त्याची सरकी उघड्यावर पडली होती आणि वळवाचे ढग दिसायला लागले होते. तो आत्याला स्पष्टच म्हणाला, "बाई, काम चालत असन तं खोली तुमची. चालत नसन तं माही. आखाजीच्या आंधीच्या बुधवारी मी येतो. पंधरा बाया दिसल्या तं एक शब्द बोलनार नाही."

खोली गेली की मंडळ गेलं, आणि मंडळ गेलं की विळा परत आला. राजुलच्या डोक्यात हे गणित इतकं पक्कं बसलं होतं की ती झोपेतसुद्धा बायका मोजायची.

आणि आता हे दुसरं गाठोडं! बायका गळतात ते उगीच नाही. कुणीतरी फोडतंय त्यांना.

*

राजुलनं भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर संशयितांची यादी केली. पहिलं नाव अंगुरीकाकू, कारण खोली गेली तर फायदा तिच्याच घराचा. पण काकूच्या बोटांना सुई धरायची सवय नव्हती, आणि ती दुपारी दोन तास घोरायची हे सगळ्या गल्लीला ऐकू यायचं. नाव खोडलं. दुसरं नाव तालुक्याहून लस टोचायला येणाऱ्या बाईचं. पण ती येते मोटारीनं आणि जाते मोटारीनं, तांड्यावर पायी कशाला जाईल? खोडलं.

मग तिला ती रुई आठवली. एवढी स्वच्छ पिंजलेली रुई गावात एकाच घरी मिळते.

"पिंजारगल्ली!" अंगुरीकाकू डोळे मोठे करून म्हणाली. विहिरीवर दोघी उभ्या होत्या. "मी तुले म्हटलंच नोवतं का? मेहरुन्निसाच्या इथी बुधवारी दार लोटलेलं राहते. दुपारभर. न् पिंजन बंद! बुधवारचं वहाबचं पिंजन वाजत नाही, ध्यानात आलं का तुह्या?"

खरंच की!  रोज दुपारी त्या गल्लीतून रुई पिंजल्याचा तुंईं तुंईं आवाज यायचा. बुधवारी नाही.

"अजून सांगू? कमली जाते तिथी. पदराखाली काहीतरी झाकून नेते. माह्या डोळ्यानं पाह्यलं. इचारलं मी, कुठी चालली व? तं म्हन्ते, तुले काय करा लागते!"

"पदराखाली काय असते?"

"आता माय व, मी का पदर उचलून पाहू? पन सांगून ठेवते, त्या गाठोड्यायत काय भरलं असन देव जाने. उद्या एखांद्या बाळंतिणीचं बरंवाईट झालं तं नाव कोनाचं होईन? मंडळाचं! म्हन्जे तुह्या आत्याचं!"

हे मात्र राजुलच्या काळजात सुईसारखं घुसलं. उकळलं नसेल तर? जुनं पातं असेल तर? सात दिवसांच्या भावाचं तोंड तिला आठवत नव्हतं, पण त्याचा आवळलेला जबडा आठवत होता. आई चमच्यानं दूध पाजायला जायची आणि दूध गालावरून खाली यायचं.

तिनं ठरवलं. येत्या बुधवारी शाळेतून पोट दुखतं म्हणून सुट्टी घ्यायची आणि चोर मुद्देमालासकट धरायचा.

*

बुधवारी दुपारी ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा गटाराच्या ओल्यात पोट टेकून पडलेली. राजुल पिंजारगल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. ह्या गल्लीत ती कधी आली नव्हती. आई म्हणायची, तिथं आपलं काय काम?

कमलीमावशी आली. काठी टेकत, पदराखाली हात. चारदा मागे पाहिलं तिनं. मग आणखी एक बाई आली, तीही मागे पाहत. मग तिसरी. प्रत्येकजणी दाराशी पोचली की दार बोटभर उघडायचं, बाई आत, की दार बंद. राजुलनं मोजलं. दार उघडणारी धरून नऊ!

दाराला लागून मातीची भिंत होती आणि भिंतीला एक खिंडार. राजुल दगडावर चढली, खिंडाराला डोळा लावला आणि श्वास रोखला.

अंगणात चुलीवर पाण्याचं पातेलं रटरटत होतं. चारजणी फडकी पिळत होत्या. दोरीवर फडक्यांच्या पांढऱ्या रांगा, आणि त्यांवर रुई उडू नये म्हणून पिंजन बंद करून भिंतीला टेकवलेलं. एकीकडे पिंजलेल्या रुईचा ढीग, त्यातला बारीक काडीकचरा मेहरुन्निसाचाची स्वतः वेचत होती. कमलीमावशीनं पदराखालून काढलं ते काय, तर जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा! कुणी दात काढून हसत नव्हतं की कट शिजवत नव्हतं. सगळं मंडळासारखंच, फक्त मंडळापेक्षा चांगलं. राजुलला त्याचाच जास्त राग आला.

"कोन व थे?"

दगड घसरला. राजुल भिंतीच्या ह्या बाजूला धपकन बसली, आणि उठते न उठते तोच कमलीमावशीची काठी समोर.

"चिटणीसबाई का! या, या. आज भिंतीवरून हजेरी घेऊन राह्यल्या वाट्टे!"

मावशीनं दंडाला धरून तिला आत नेलं. नऊजणी पाहत होत्या. एकीच्याही डोळ्यांत "ये बस" नव्हतं. मेहरुन्निसाचाचीनं रुई खाली ठेवली आणि ओढणी नीट केली.

"तुले कोनी धाडलं? अंगुरीबाईनं?"

"कोनी नाही." राजुलनं हनुवटी वर केली. भाषणाच्या वेळी करायची तशी. "मी मंडळाकडून आली. तुमी मंडळ फोडलं. आमच्या बाया इकडं ओढल्या. आमचं गाठोडं परत येते तुमच्यामुळं. पुढच्या बुधवारी पंधरा बाया नाही दिसल्या तं खोली जाईन, माहीत आहे का तुमाले?"

"आमी फोडलं?" चाची इतक्या हळू म्हणाली की पातेल्याचा आवाज मोठा वाटला. "बेटी, मंडळ निंघालं तवापासून मी येत होती. आठ साल. बारिशमधी, रोज्यामधी. पौषात एका बुधवारी तयार होऊन दारात उभी राह्यली. हाक आलीच नाही. तुमी दोघी गल्लीच्या तोंडावरून वापस गेल्या. करंडा घेऊन."

"तिथूनच गेलो कारण…" राजुल थांबली.

"काहून?"

कारण मुसलमानाच्या घरी कुंकू लावायला कोण जातं? करंडा घेऊन निघालं की पाय आपोआप जिथे वळायचे तिथेच वळतात. लहानपणापासून आईबरोबर फिरलेले पाय. ह्या दारी थांबायचं, त्या दारी थांबायचं नाही, हे काही कुणी मोठ्यानं सांगत नाही.

"न् माह्या घरापुढून गेली," कमलीमावशी म्हणाली. "मी ओट्यावर बसली होती. तू इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, माह्याकडं नाही पाह्यलं. रांडमुंड बाईच्या दारात करंडा कायले थांबन? त्याचं मले वाईट वाटत नाही, रीतच आहे थे. पन हळदीकुंकवाचं आवतण न् मंडळाचं बोलावणं तू एक केलं, चिटणीसबाई. बोलावल्याबिगर मी कशी येऊ? वरून अंगुरी सांगते विहिरीवर, माह्या नावावर लाल काट मारली म्हणून. मी का मेली काय व?"

दोनतीनजणी हसल्या. पण ते हसणं राजुलच्या बाजूचं नव्हतं. तिनं भोवती पाहिलं. नऊ कपाळं. नऊही कोरी. पाच विधवा, चार पिंजारगल्लीतल्या. फाल्गुनात जिच्या जिच्या नावावर तिनं काट मारली होती ती प्रत्येकजणी इथे होती, आणि भूगोलाच्या वहीतल्या यादीत जे नाव असायला हवं होतं ते, स्वतःचं, तिनं लिहिलंच नव्हतं.

"मले समजलं नाही," ती म्हणाली. आवाज भाषणाचा राहिला नव्हता.

"हो न. समजलं नाही," चाची म्हणाली. तिनं पुन्हा रुई हातात घेतली.

"चुकलं माहं. तुमी पुढच्या बुधवारी खोलीवर या. मी घरोघरी येते हाक द्याले. सगळ्यायच्या."

चाचीनं रुईतली एक काडी वेचून चुलीत टाकली. मग ती म्हणाली, "आमचं पानी इथी, रुई इथी, चूल इथी. खोलीवर कायले येऊ? शेटजीले डोकी मोजाले?"

"मंग आमी इथी येऊ का?"

नऊजणींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय काय होतं! ही पोरगी घरी जाऊन काय सांगेल, हिच्या मागून कोण येईल, अंगुरीबाई येईल, करंडा येईल, मग पुन्हा आपण दाराबाहेर.

"इचारून सांगू," कमलीमावशी म्हणाली आणि दार उघडून धरलं.

*

सांगणं काही आलं नाही. गुरुवार गेला, शनिवार गेला. राजुलनं घरी एक अक्षर काढलं नाही. कशी काढणार? एकतीस बायकांचा तो बुधवार हजेरीबुकात तिनं लाल-निळ्या वेलबुट्टीनं सजवला होता. खाली लिहिलं होतं, "ही कल्पना चिटणिसांची."

रविवारी आत्या ओसरीत डाळ निवडत बसली होती. राजुल समोर बसून खडे काढू लागली, आणि मान वर केली तेव्हा आत्याचं कपाळ तिला दिसलं. रोजच दिसायचं. आत्या अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली होती. राजुलनं आत्याला त्या कोऱ्या कपाळाशिवाय पाहिलंच नव्हतं, म्हणून ते कधी दिसलंच नव्हतं.

"आत्या," ती म्हणाली, "करंडा मी आपल्याच घरून काढला होता. पह्यलं कुंकू आईले लावलं."

"हं."

"तू तिथीच बसली होती."

"डाळ निवड. इकडच्या खड्याकडं पाह्य."

"तुले कळलं होतं?"

आत्याचे हात थांबले नाहीत. "त्याच दिशी कळलं."

"मंग बोलली काहून नाही व?" राजुल रडायलाच लागली. "इतके दिवस मी बाहेरचा चोर धुंडून राह्यली, न् तू घरातच…"

"एकतीस बाया होत्या राजुल. आठ वर्सात एवढ्या कधी पाह्यल्या नाही म्या. तू कशी उड्या मारत आली होती. म्हटलं, एका आपल्या कपाळासाठी पोरीच्या तोंडावरचं कायले उतरवू? आपन तं घरातलेच, आपल्याले बोलावनं कायले लागते." तिनं एक खडा बाजूला काढला. "कमलीचा इचार केला नाही म्या. मेहरुन्निसाचाही नाही. तांड्यावरून येताना उमगलं, दुसरं गाठोडं कोनाचं थे. तेवाही बोलली नाही. बोलली असती तं मलेच जावं लागलं असतं न तिच्या दारात."

राजुलला वाटलं होतं की आत्या रागावेल, निदान समजूत काढेल. आत्यानं दोन्हीतलं काही केलं नाही. सुपातले खडे ओंजळीत घेऊन ती बाहेर टाकायला गेली आणि बराच वेळ तिकडेच राहिली.

*

बुधवारी सकाळी अंगुरीकाकू करंडा घासूनपुसून घेऊन दारात हजर. "चाल! शेट चारला येनार. मी दोन घागरी पन्हं केलं आहे, न् प्रत्येकीले एकेक खण. पंधरा कायले, पन्नास आनते! एक घडी बसतीन, पन्हं पेतीन, शेट मोजीन न् जाईन. खोली वाचली!"

आणि ती वाचली असती हो! राजुलला पक्कं माहीत होतं. करंडा फिरवायला तास लागला असता. पन्नास बायका आल्या असत्या, हिरवे चुडे वाजले असते, फूलचंदशेट मिशीवर हात फिरवत परत गेला असता. आणि पुढच्या बुधवारी पुन्हा सात, पदर न खोचणाऱ्या. राजुलनं करंड्याकडे पाहिलं. हात पुढे होतच होता.

"नोको काकू," ती म्हणाली.

"नोको? अवं, तुलेच सुचलं होतं न हे!"

"म्हणूनच."

काकू तिच्याकडे अशी पाहू लागली जशी ती ताप आलेल्या माणसाकडे पाहते. "त्या गल्लीत गेली होती म्हणे तू. काही खाऊ घातलं का त्यायनं तुले? खरं सांग!"

"काही नाही खाऊ घातलं. बस म्हटलंसुद्धा नाही."

चार वाजता खोलीवर आत्या, राजुल आणि करंड्याशिवाय आलेल्या तिघी एवढ्याच होत्या. बाहेर सरकीच्या दोन बैलगाड्या येऊन उभ्या होत्या, म्हणजे शेटला उत्तर आधीच ठाऊक होतं. तो उंबऱ्यात आला, तशी आत्या उठली आणि कमरेची किल्ली काढून तिनं त्याच्यापुढे उंबऱ्यावर ठेवली.

"मोजू नोका शेटजी. पाच आहो."

फूलचंदशेट ओशाळला. "बाई, वळीव आला तं माहा माल…"

"भरा न. तुमचीच खोली आहे."

त्या तिघींपैकी दोघी डोळ्याला पदर लावत घरी गेल्या. तिसरी जराशी रेंगाळली आणि मग तीही गेली. आत्यानं खोलीतून पातेलं उचललं, राजुलनं फडक्यांचा गठ्ठा घेतला. हजेरीबुक तिथेच कोनाड्यात राहिलं. राजुलला दिसलं होतं ते. तिनं घेतलं नाही.

"घरी?" तिनं विचारलं.

आत्या उजवीकडे वळली. घर डावीकडे होतं.

"आत्या, त्यायनं बोलावलं नाही. इचारून सांगू म्हटलं होतं, काही सांगितलं नाही."

"माहीत आहे."

"बोलावल्याबिगर जाऊन राह्यलो आपन?"

"हो," आत्या म्हणाली. तिनं पातेलं दुसऱ्या कमरेवर घेतलं. ह्या बाईनं उभ्या आयुष्यात आवतणाशिवाय कुणाचा उंबरा ओलांडला नव्हता. विधवेनं तर ओलांडूच नये, लोक तोंडावर बोलतात. दोघी बाजारातून चालल्या तेव्हा दुकानादुकानातून माना वळल्या. पिंजारगल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा बाजेवर उठून बसला. "किसके घर जाना है?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता डोळे बारीक करून त्यांच्या पातेल्याकडे पाहत राहिला.

आत्यानं कडी वाजवली. दार बोटभर उघडलं. फटीत मेहरुन्निसाचाचीचा एक डोळा.

"काय पायजे?"

"काम," आत्या म्हणाली.

डोळा आत्यावरून राजुलवर आला, राजुलवरून पातेल्यावर, मग त्यांच्या मागच्या रिकाम्या गल्लीवर. आत काहीतरी कुजबुज झाली. राजुलच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि तिला वाटत होतं की आता दार लागणार, लागलंच. शेवटी आतून कमलीमावशीचा आवाज आला, "अंगुरी नाही न सोबत? मंग येऊ दे."

कुणी या म्हणालं नाही. चाचीनं फक्त दार सोडून दिलं आणि हात धुवायचा साबण दाखवला. दोघींनी कोपरापर्यंत हात धुतले. आत्या चुलीपाशी जाऊन बसली आणि न विचारता पातेल्यातली फडकी काठीनं ढवळू लागली. तिनं पाणी मागितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. राजुलपुढे रुईचा एक ढीग आला.

वेचता वेचता तिच्या जिभेवर शंभर प्रश्न आले. टाके कोण घालतं, पाती कुठून आणता, तांड्यावर गेलेल्या त्या दोघी कोण. तिनं एकही विचारला नाही. दिवस कलला, दोरीवरची फडकी उतरली, आणि बायका एकेक करून निघाल्या. काही तिच्याकडे न पाहताच गेल्या.

"पुढच्या बुधवारी येशीन?" कमलीमावशीनं विचारलं.

"येईन."

"पाहू," मावशी म्हणाली. ती राजुलच्या ढिगाजवळ काठी ठेवून बसली आणि राजुलनं वेचलेली सगळी रुई पहिल्यापासून, दोन बोटांनी, पुन्हा तपासू लागली.